एका मताने हुकलेला महाभियोग

महाभियोग हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम ६१ मध्ये राष्ट्रपतींवर महाभियोग चालवण्याची तरतूद आहे. ती आजवर एकदाही वापरावी लागलेली नाही. अमेरिकेत मात्र हे अस्त्र चार वेळा उपसले गेले. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सनवर, १९९८ मध्ये बिल क्लिंटन यांच्यावर आणि २०१९ व २०२१ असे दोनदा डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर. चारही वेळा सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते पडली नाहीत आणि चारही वेळा आरोपी सुटला. रिचर्ड निक्सन यांनी तर १९७४ मध्ये महाभियोग दारात येण्यापूर्वीच राजीनामा दिला.

यातला पहिला महाभियोग आपल्या चळवळीच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा आहे. कारण त्याच्या मुळाशी गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या ४० लाख माणसांच्या जमिनीचा, मताचा आणि जिवाचा प्रश्न होता. तो महाभियोग ज्या माणसाने मरणाच्या दारात असताना लढवला, त्याचे नाव थॅडिअस स्टीव्हन्स. ११ ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन. आपल्याकडे लिंकनचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. स्टीव्हन्सचे नाव शिक्षकालाही ठाऊक नसते. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्र मुळापासून पाहिले पाहिजे.

थॅडिअस स्टीव्हन्स यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हर्मांट राज्यातील डॅनव्हिल या गावी झाला. घरची गरिबी. जन्मतःच एक पाय वाकडा. त्या काळी अशा मुलाकडे लोक देवाची शिक्षा म्हणून पाहत. वाकड्या पायाला मागच्या जन्माचे पाप चिकटवणारी मंडळी आपल्याकडेही कमी नाहीत! बाप घर सोडून निघून गेला. आई सारा हिने चार मुलांना एकटीने वाढवले. मुलाला शेतात राबता येणार नाही, तर त्याने शिकलेच पाहिजे, हे त्या माउलीने ओळखले आणि शाळेसाठी गाव बदलले. स्टीव्हन्स पुढे डार्टमथ कॉलेजातून १८१४ मध्ये पदवीधर झाले. शिक्षणाने माणूस उभा राहतो हे त्यांना अनुभवातून समजले होते.

पेनसिल्व्हेनिया राज्यात येऊन त्यांनी काही काळ शिक्षकी केली, वकिलीची परीक्षा दिली आणि गेटिसबर्ग येथे वकिली सुरू केली. इथे त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट लपवून चालणार नाही. १८२१ मध्ये त्यांनी एका गुलाममालकाचे वकीलपत्र घेतले. चॅरिटी बटलर नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री आपल्या मुलांसह स्वातंत्र्य मागत होती. पेनसिल्व्हेनियात सलग सहा महिने ठेवलेला गुलाम स्वतंत्र होतो, असा कायदा होता. स्टीव्हन्स यांनी कायद्याचा कीस पाडला आणि खटला जिंकला. ती बाई आणि तिची मुले पुन्हा गुलामगिरीत गेली. त्यानंतर मात्र त्यांनी आयुष्यभर पळून आलेल्या गुलामांचे वकीलपत्र घेतले आणि अनेकदा फी न घेता ते खटले लढवले. महापुरुषांना जन्मापासून निष्कलंक दाखवण्याची सवय आपल्यालाही लागली आहे. चुकलेला माणूस चूक ओळखून वळतो, तेव्हाच तो कामाचा ठरतो, हे स्टीव्हन्स यांच्याकडून शिकावे.

१८३३ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. १८३४ मध्ये पेनसिल्व्हेनियाने मोफत सार्वजनिक शाळांचा कायदा केला. गरिबांच्या पोरांसाठी आम्ही कर का भरावा, असा ओरडा करीत पुढच्याच वर्षी तो रद्द करण्याचा घाट घातला गेला. स्टीव्हन्स सभागृहात उभे राहिले आणि त्यांच्या एका भाषणाने पारडे फिरले. कायदा वाचला. पुढे १८३७-३८ मध्ये राज्याची नवी घटना तयार झाली. तिच्यात मताचा अधिकार फक्त गोऱ्या पुरुषांना ठेवला होता. स्टीव्हन्स त्या घटना परिषदेचे सदस्य होते. त्यांनी त्या घटनेवर सही करण्यास नकार दिला. कातडीचा रंग पाहून मत देणाऱ्या घटनेला आपले नाव लागू नये, एवढीच त्यांची भूमिका होती.

१८४२ मध्ये ते लँकेस्टर शहरात राहायला आले. तेथे लिडिया हॅमिल्टन स्मिथ ही मिश्रवंशीय विधवा त्यांचे घर सांभाळू लागली. ती त्यांच्या मृत्यूपर्यंत, वीस वर्षांहून अधिक काळ, त्या घरात होती. स्टीव्हन्स अविवाहित होते. विरोधकांनी या नात्यावरून वाटेल ती चिखलफेक केली. स्टीव्हन्स यांनी खुलासे करीत बसण्याचे नाकारले. ते तिचा उल्लेख सन्मानाने करीत आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा ठेवत. मृत्युपत्रात त्यांनी तिच्यासाठी तरतूद केली आणि पुढे तिने त्यांचे घर स्वतः विकत घेतले.

देशाच्या प्रतिनिधिगृहात ते प्रथम १८४९ मध्ये गेले आणि १८५९ पासून मृत्यूपर्यंत तेथे होते. यादवी युद्धाच्या काळात ते अर्थविषयक समितीचे अध्यक्ष होते. म्हणजे लिंकनच्या फौजेला लागणारा पैसा उभा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकला. हा तोटा त्यांनी सोसला, पण भूमिका सोडली नाही. गुलामांना मुक्त करा, त्यांच्या हाती शस्त्रे द्या, ही मागणी ते लिंकनच्या कितीतरी आधीपासून करीत होते. ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाली, तिच्यामागे स्टीव्हन्स यांचे बळ होते.

आणि मग १४ एप्रिल १८६५ ची रात्र आली. लिंकनवर गोळी झाडली गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मृत्यू झाला आणि उपराष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला.

हा जॉन्सन कोण होता, हे नीट पाहिले पाहिजे. तो गरीब गोऱ्या घरात जन्मला होता. शाळेचे तोंड न पाहता शिंप्याचे काम शिकला. मोठ्या जमीनदारांविषयी त्याच्या मनात राग होता. दक्षिणेची राज्ये फुटून निघाली तेव्हा त्या राज्यांतला हा एकटाच सिनेटर संघराज्याशी एकनिष्ठ राहिला. म्हणून तर लिंकनच्या पक्षाने त्याला जवळ केले. पण जमीनदारांचा राग म्हणजे गुलामांविषयी आपुलकी नव्हे! जॉन्सनला गोऱ्या गरिबाची उन्नती हवी होती, काळ्याची बरोबरी नको होती. वरच्यावर चिडणारा आणि खालच्याला तुडवणारा हा मधला माणूस आपल्या गावगाड्यात आपण रोज पाहतो. त्याला ओळखायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही.

सत्तेवर येताच जॉन्सनने बंडखोरांना घाऊक माफी देण्यास सुरुवात केली. युद्धाच्या अखेरीस जनरल शर्मन यांच्या आदेशाने दक्षिण किनाऱ्यावरची सुमारे ४ लाख एकर जमीन सुमारे ४० हजार मुक्त माणसांना कसायला मिळाली होती. एका कुटुंबाला ४० एकरपर्यंत. जॉन्सनने ती जमीन जुन्या मालकांना परत देण्याचा हुकूम काढला. पिढ्यानपिढ्या जी माती घामाने भिजवली, ती हाती येऊन वर्षभरात निसटली. त्याच वेळी दक्षिणेतल्या राज्यांनी काळे कायदे केले. मिसिसिपी राज्यात मुक्त माणसाला गावठाणाबाहेर जमीन खंडाने घेता येत नव्हती. वर्षभराचा मजुरीचा करार हाती नसेल तर तो भटक्या ठरे, त्याला दंड होई आणि दंड भरता आला नाही की त्याची मजुरी विकली जाई. गुलामगिरी गेली होती, वेठबिगारी आली होती.

स्टीव्हन्स यांनी सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टरला आपली योजना मांडली. दक्षिणेतल्या सुमारे ७० हजार बड्या जमीनदारांची आणि बंडखोर राज्यांची मिळून ३९ कोटी ४० लाख एकर जमीन जप्त करावी. तिच्यातून प्रत्येक मुक्त प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावी, म्हणजे ४ कोटी एकर. उरलेली विकून युद्धाचे कर्ज फेडावे आणि जखमी सैनिकांना निवृत्तिवेतन द्यावे. हिशेब चोख होता. पायाखाली जमीन नसलेल्या माणसाचे मत मालकाच्या मुठीत राहते, हे त्यांना कळले होते. १८६७ मध्ये त्यांनी यासाठी विधेयकही आणले. पण त्यांचाच पक्ष मागे हटला. उत्तरेतल्या कारखानदारांना आणि सावकारांना गुलामी नको होती. पण मालमत्ता जप्त करण्याचा पायंडाही नको होता. दक्षिणेत आज जमीन वाटली तर उद्या उत्तरेतला मजूर कारखाना मागेल, ही त्यांची भीती.

मतांची लढाई मात्र स्टीव्हन्स लढत राहिले. डिसेंबर १८६५ मध्ये काँग्रेस भरली तेव्हा दक्षिणेतून निवडून आलेल्या जुन्या बंडखोरांची नावेच पुकारली गेली नाहीत. त्यामागची आखणी स्टीव्हन्स यांची होती. १८६६ मध्ये नागरी हक्क कायदा झाला. जॉन्सनने नकाराधिकार वापरला. काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी तो मोडून काढला. त्याच वर्षी मे महिन्यात मेम्फिस शहरात गोऱ्या जमावाने, पोलिसांसह, ४६ कृष्णवर्णीयांना ठार मारले. जुलैत न्यू ऑर्लिन्स येथे मताधिकारासाठी जमलेल्यांवर हल्ला झाला आणि तीसहून अधिक माणसे मेली. राष्ट्राध्यक्षाने दोष दिला तो मारणाऱ्यांना नव्हे, हक्क मागणाऱ्यांच्या पुढाऱ्यांना!

या रक्तातून चौदावी घटनादुरुस्ती पुढे आली. या देशात जन्मलेला प्रत्येक जण नागरिक आहे आणि कोणतेही राज्य कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही, हे तिने घटनेत लिहिले. स्टीव्हन्स तिच्या शिल्पकारांपैकी एक होते. त्यांना हवे होते ते सगळे तिच्यात नव्हते. तरीही जेवढे मिळते तेवढे घ्यावे आणि उरलेल्यासाठी लढावे, असे म्हणून त्यांनी मत दिले. २ मार्च १८६७ रोजी पुनर्रचना कायदा झाला. दक्षिणेतील दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग झाले आणि सैन्याच्या संरक्षणात सात लाखांहून अधिक कृष्णवर्णीयांची नावे मतदार यादीत चढली.

आता महाभियोगाचे कारण ध्यानात येईल. दक्षिणेत काळ्या मतदाराला संरक्षण होते ते सैन्याचे. सैन्यावर सरसेनापती राष्ट्राध्यक्ष, आणि तो विरोधात. मधला दुवा होता युद्धमंत्री एडविन स्टँटन. तो लिंकनने नेमलेला आणि काँग्रेसच्या बाजूचा. त्याला वाचवण्यासाठी काँग्रेसने १८६७ मध्येच आणखी एक कायदा केला होता. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या संमतीशिवाय काढता येणार नाही, असा तो कायदा. डिसेंबर १८६७ मध्ये महाभियोगाचा पहिला ठराव आला तेव्हा तो ५७ विरुद्ध १०८ मतांनी पडला. नेमका कोणता कायदा मोडला ते दाखवा, असे सावध सदस्य म्हणत होते. २१ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सनने स्टँटनला बडतर्फ केले आणि कायदा मोडल्याचा पुरावा आयता हाती दिला. स्टँटन कार्यालयाचे दार लावून आतच बसून राहिला. तीनच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला.

आरोपपत्रात एकूण ११ कलमे होती. त्यातली बहुतेक सगळी स्टँटनच्या बडतर्फीभोवती फिरत होती. जमीन हिसकावल्याचे कलम नव्हते. मेम्फिसचे नव्हते, न्यू ऑर्लिन्सचे नव्हते. काळ्या कायद्यांना पाठीशी घातल्याचे नव्हते. ज्यांच्यासाठी हा खटला होता, ती ४० लाख माणसे आरोपपत्रात कुठेच नव्हती! स्टीव्हन्स यांना ही उणीव स्पष्ट दिसत होती. त्यांचे म्हणणे असे होते की, महाभियोग हा चोरी-मारामारीचा फौजदारी खटला नाही. जनतेने दिलेल्या सत्तेचा दुरुपयोग करणाऱ्याला दूर करण्याचा तो राजकीय उपाय आहे. म्हणून त्यांनी आग्रह धरून अकरावे कलम घालून घेतले. काँग्रेसचे कायदे अमलात येऊ न देण्याचा राष्ट्राध्यक्षाचा एकूण प्रयत्न हा त्याचा गाभा होता. पण तेही कायदेपंडितांच्या भाषेत गुंडाळले गेले.

मार्चमध्ये सिनेटमध्ये खटला उभा राहिला. सरन्यायाधीश सॅमन चेस अध्यक्षस्थानी होते. स्टीव्हन्स तेव्हा ७६ वर्षांचे होत होते आणि त्यांचे शरीर खंगले होते. पायऱ्या चढवत नसत, म्हणून दोन माणसे त्यांना खुर्चीत बसवून सभागृहात नेत. २७ एप्रिलला ते भाषणाला उभे राहिले. थोड्या वेळाने उभे राहवेना, मग बसून वाचू लागले. मग आवाजच फुटेना. उरलेले भाषण सहकारी बेंजामिन बटलर यांनी वाचून पूर्ण केले.

जॉन्सनच्या वकिलांनी नेमके कच्च्या दुव्यावर बोट ठेवले. स्टँटनला नेमले लिंकनने. मग जॉन्सनच्या कारकिर्दीत त्याला या कायद्याचे संरक्षण मिळतेच कुठे? प्रश्न बिनतोड होता. पण निकाल केवळ कायद्याच्या कलमावर लागला नाही. तेव्हा उपराष्ट्राध्यक्षाचे पद रिकामे होते. जॉन्सन गेला तर सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड राष्ट्राध्यक्ष होणार होते. वेड कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे समर्थक होतेच, शिवाय स्त्रियांनाही मत द्या म्हणत. बड्या व्यापाऱ्यांना त्यांची अर्थनीती धोक्याची वाटे. निवडणूक जवळ आली होती. जनरल ग्रँट येणार हे दिसत होते. मग काही महिन्यांसाठी वेड कशाला? इकडे जॉन्सनने मवाळांना आश्वासने दिली, सर्वांना चालेल असा सेनाधिकारी युद्धमंत्रिपदासाठी सुचवला आणि तोंड आवरले. पैसे फिरल्याची कुजबुजही झाली. महाभियोगात आरोपीचा गुन्हा किती मोठा एवढेच पाहिले जात नाही. तो गेला तर खुर्चीवर कोण बसेल, हा हिशेब आधी होतो.

१६ मे १८६८ रोजी अकराव्या कलमावर मतदान झाले. दोषी ३५, निर्दोष १९. सभागृहात ५४ सदस्य होते, म्हणजे ३६ मते हवी होती. एक मत कमी पडले. स्टीव्हन्स यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सात सदस्य जॉन्सनच्या बाजूने गेले होते. २६ मे रोजी आणखी दोन कलमांवर मतदान झाले आणि तोच आकडा आला. खटला संपला. खुर्चीवरून बाहेर नेले जात असताना स्टीव्हन्स यांचा चेहरा संतापाने काळवंडला होता. तरीही जुलैत त्यांनी महाभियोगाची नवी कलमे मांडली. कोणी लक्ष दिले नाही.

११ ऑगस्ट १८६८ च्या मध्यरात्री वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. लिडिया स्मिथ शेजारी होती. संसदभवनाच्या घुमटाखाली त्यांचा देह ठेवला गेला आणि त्याभोवती कृष्णवर्णीय सैनिकांनी पहारा दिला. लँकेस्टरच्या मोठ्या दफनभूमींत काळ्यांना जागा नव्हती. म्हणून स्टीव्हन्स यांनी सर्वांना खुली असलेली एक लहान दफनभूमी आधीच निवडून ठेवली होती. आयुष्यभर माणसांच्या समतेसाठी झटलो, तीच मरणातही पाळावी म्हणून ही जागा निवडली, अशा अर्थाचा मजकूर त्यांनी आपल्या थडग्यावर कोरून घेतला. आपल्याकडे आजही कितीतरी गावांत स्मशान वेगळे आहे. त्यामुळे त्या थडग्याचा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

पुढे काय झाले? १८७७ मध्ये दक्षिणेतून सैन्याचे संरक्षण गेले. काळ्यांचे मत दहशतीने आणि कायद्याच्या पळवाटांनी हिसकावले गेले. ज्या कायद्यासाठी महाभियोग उभा केला तो १८८७ मध्ये रद्द झाला आणि असा कायदा घटनाबाह्य होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये म्हटले. इतिहास लिहिणाऱ्यांनी स्टीव्हन्स यांना सूडाने पेटलेला लंगडा म्हातारा ठरवले. १९१५ च्या एका गाजलेल्या चित्रपटात त्यांच्यावर बेतलेले पात्र रंगवून हेटाळणी केली गेली. निर्दोष म्हणून मत देणाऱ्या सात जणांतील एडमंड रॉस यांचा गौरव पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांनी १९५६ च्या आपल्या पुस्तकात केला. हे खोटे चित्र पुसण्याचे काम कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९३५ मध्ये पुनर्रचनेवरील ग्रंथ लिहून केले. याच ड्युबॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते, ही नोंद आपण विसरू नये. आणि महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कामी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. स्टीव्हन्स जाऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. तात्यासाहेबांनी नाव घेतले नसले तरी त्या अर्पणात या लंगड्या वकिलाचा वाटा आहेच.

महाभियोग हरला, पण चौदावी घटनादुरुस्ती उरली. १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद न्यायालयाने मोडला तो याच दुरुस्तीच्या आधारे. आपल्या घटनेच्या कलम १४ मधील कायद्याचे समान संरक्षण हे शब्दही त्याच कुळातले. जमीन मात्र राहूनच गेली. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता कसायला देण्याची मागणी केली आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सामाजिक व आर्थिक विषमतेच्या धोक्याचा इशारा दिला. त्या इशाऱ्याचा अर्थ अमेरिकेच्या इतिहासात ठळक दिसतो. मत मिळाले, जमीन मिळाली नाही आणि मग मतही गेले.

स्टीव्हन्स यांच्या चरित्रातून कार्यकर्त्यांनी हेच घ्यावे. सत्ताधाऱ्याला खाली खेचण्याची भाषा कोणीही करो, महाभियोगाची करो की अविश्वास ठरावाची करो, आपण आधी आरोपपत्र मागून घ्यावे आणि ओळ न ओळ वाचावे. त्यात आपल्या जमिनीचा, आपल्या मताचा, आपल्यावरच्या अत्याचाराचा उल्लेख आहे काय? नसेल तर तो घालायला लावावा. कारण आपल्या नावाने उभा केलेला आणि आपला उल्लेखही नसलेला खटला एका मताने हरला काय किंवा एका मताने जिंकला काय, आपल्या हाती काही येत नाही.